समुद्रापलीकडची मावशी

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक पत्र आलें आणि सबंध घर विचारांत पडलें. आमचें घर अलिबागचें. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणारें. माझ्या धाकट्या दिरांची कन्या पुण्यास वैद्यकीचें शिक्षण घेत आहे. एका सेवासंस्थेच्या विनिमय-योजनेंत तिची निवड झाली असून, येत्या उन्हाळ्यांत तिनें अमेरिकेंतील एका लहान गांवीं जाऊन दोन महिने तेथील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काम करावें, आणि राहावें मात्र वसतिगृहांत नव्हे, तर गांवांतीलच एका कुटुंबांत, असा पत्राचा आशय होता. अखेरीस आणखी एक कलम होतें. त्या कुटुंबांतील मुलगी त्यानंतरच्या हिवाळ्यांत इकडे येईल, जवळच्या आरोग्यकेंद्रांत सेवा करील, आणि दोन महिने आमच्या घरीं राहील.

पहिल्या कलमावर घरांत आठ दिवस चर्चा चालली. मुलीची आई म्हणाली, "ती तेथें खाईल काय?" दीर म्हणाले, "खर्चाचें मी पाहीन. पण आजारी पडली तर उशाशीं कोण बसणार?" मुलांनीं थंडीच्या कपड्यांची यादी केली. दुसऱ्या कलमाकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. तें गेलें सासूबाईंचें. त्यांचें वय आज शहाऐंशी. ऐकूं थोडें कमी येतें, पण जें ऐकूं येतें तें सुटत नाहीं. त्या म्हणाल्या, "आपली पोर दोन महिने त्यांच्या घरांत वावरणार, त्यांच्या चुलीवरचें खाणार, हें तुम्ही सगळ्यांनीं गृहीत धरलेंत. त्यांची पोर आपल्याकडे आली म्हणजे कोठें निजेल, कोणत्या पंगतीला बसेल, देवघराच्या उंबऱ्यापाशीं थांबेल कीं आंत येईल, हें कोणीं ठरवलें आहे का?"

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. प्रश्न सासूबाईंचा होता, तरी तो एकट्या आमच्या घरचा नाहीं. आज महाराष्ट्रांतील कितीतरी कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं, सेवेसाठीं, अशा विनिमयासाठीं परदेशीं जातात आणि परक्यांच्या घरीं पाहुणचार घेतात. त्या पाहुणचाराचीं वर्णनें आपण कौतुकानें ऐकतों. पाहुणचार घेणें हीही एक विद्या आहे, आणि घेतलेला पाहुणचार कधीं ना कधीं आपल्या उंबऱ्यावर परत मागितला जातो, याचा विचार आपण क्वचितच करतों.

त्याच रात्रीं मीं कपाटांतून काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें चरित्र काढलें. सासूबाईंच्या डोळ्यांना आतां वाचन होत नाहीं. म्हणून रोज दिवेलागणीनंतर त्यांना तें वाचून दाखवूं लागलें. आनंदीबाईंचें नांव कोणास ठाऊक नाहीं? पहिली महाराष्ट्रीय स्त्री डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकांतही तें असतें. परंतु घरांत हा प्रश्न पडलेला असतां तेंच चरित्र पुन्हां वाचूं लागलें म्हणजे त्यांतील निराळींच पानें उघडतात.

आम्हां अलिबागकरांना त्या कांहीं अगदीं परक्या नव्हेत. १८६५ सालीं जन्मलेली कल्याणच्या जोश्यांची यमुना नवव्या वर्षीं गोपाळराव जोश्यांशीं विवाहबद्ध होऊन आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यांत नोकर होते. कल्याणानंतर त्यांची बदली झाली ती अलिबागेस. त्या काळीं आमचा जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जाई. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. ओहोटीस ज्या वाळूवरून आजही पायीं कुलाबा किल्ल्यांत जातां येतें आणि भरतीस जी पाण्याखालीं जाते, ती वाळू त्या कोंवळ्या वयाच्या मुलीनेंही पाहिली असेल. पुढें कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा नवऱ्याच्या बदल्यांबरोबर तिचा प्रवास झाला. चौदाव्या वर्षीं मूल झालें आणि तें दहा दिवसांतच गेलें. वेळीं योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाहीं, हें शल्य तिच्या मनांत राहिलें, आणि डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांतूनच दृढ झाला.

या निश्चयास पहिलें दार मिळालें तें सशर्त होतें. गोपाळरावांनीं रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठीं आणि अमेरिकेंत स्वतःच्या नोकरीसाठीं साहाय्य मागितलें. साहाय्य मिळेल, पण दोघांनीं ख्रिस्ती व्हावें, असा उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्यास तें मान्य होणें शक्य नव्हतें. वाइल्डरसाहेबांनीं हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकांत छापला. आणि येथें योगायोग असा कीं, न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडोसिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां त्याच अंकाचीं पानें त्यांच्या हातीं आलीं. वर्ष १८८०. कार्पेंटरबाई श्रीमंत नव्हत्या, कोणत्या संस्थेच्या चालक नव्हत्या. मुलाबाळांच्या, चारचौघींसारख्या संसारी बाई होत्या. त्यांनीं आनंदीबाईंना पत्र लिहिलें. अट कोणतीच नव्हती; येणें झालें तर आपल्या घरीं उतरावें, एवढेंच.

येथें वाचन थांबवून सासूबाईंनीं विचारलें, "मग ही लगेच गेली?"

नाहीं. मध्यें जवळजवळ तीन वर्षें गेलीं, आणि तीं पत्रांनीं भरून गेलीं. आपल्याकडील रीतिरिवाज, धर्म, बालविवाह, बायकांचें आयुष्य, तिकडचें घर, तिकडच्या समजुती, असा दोघींचा पत्रसंवाद सुरू झाला. आनंदीबाईंची प्रकृति कलकत्त्यास ठीक नसे. डोकेदुखी, ताप, अशक्तता यांनीं त्या हैराण होत. कार्पेंटरबाईंनीं त्यांच्यासाठीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. ज्या मुलीचें तोंड पाहिलेलें नाहीं तिच्या दुखण्याची काळजी इतक्या दुरून वाहणाऱ्या बाईला आनंदीबाई मावशी म्हणूं लागल्या. पाहुणी त्या घरीं पोहोंचण्यापूर्वींच नातें पोहोंचलें होतें.

निघण्यापूर्वीं स्वकीयांचा निरोप घेणें होतें, आणि तो सोपा नव्हता. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाईंनीं व्याख्यान दिलें. त्यावेळीं वय सारें अठराच्या आंत. लोक विचारीत ते सहा प्रश्न त्यांनीं स्वतःच मांडले: अमेरिकेस कां जातेस, हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय, एकटीच कां जातेस, परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाहीं काय, तेथें कांहीं संकट ओढवलें तर काय करशील, आणि जें कोणत्याही स्त्रीनें केलें नाहीं तें तूं कां करावेंस. प्रत्येकास त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें. बहिष्काराच्या प्रश्नावरील उत्तराचें तात्पर्य असें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. वेष, आहार, आचार यांत बदल करणार नाहीं.

त्या सहा प्रश्नांतील चार तरी आमच्या ओटीवर गेल्या श्रावणांत जसेच्या तसे विचारले गेले होते, हें ध्यानांत येऊन मला हंसूं आलें. काळ एवढा पालटला. मुलीच्या हातीं बोलण्याचें यंत्र असतें आणि ती क्षणांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आपला चेहरा दाखवूं शकते. तरी आईच्या मनांतील प्रश्न तेच राहिले आहेत.

७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आनंदीबाई बोटींत बसल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी बायकांची. ४ जून रोजीं बोट न्यू यॉर्कला लागली, आणि कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यास धक्क्यावर आल्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाईंनीं रोझेल येथें मावशीच्या घरीं काढला.

त्या दिवसांचें वर्णन वाचतांना मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. यजमानीण बाईनें पाहुणीला आपल्यासारखें करण्याचा आग्रह धरला नाहीं. लुगडें तसेंच राहिलें, कपाळावरचें कुंकू तसेंच राहिलें, शाकाहारही सुटला नाहीं. ज्या देशांत मांसावांचून जेवण होतें ही कल्पनाच लोकांना नवी, तेथें एका गृहिणीनें दररोज हा विचार करावयाचा, ही लहान सेवा नव्हे. ज्यांच्या घरीं पथ्याचा माणूस असतो त्यांना हें सांगावयास नको.

आणि पाहुणीही रिकाम्या हातांनीं बसून राहिली नाहीं. त्या घरांतील लेकरांची ती मैत्रीण झाली. तिनें महाराष्ट्रीय पद्धतीचें जेवण रांधून तिकडच्या मंडळींना वाढलें, आपल्याकडच्या चालीरीति समजावून सांगितल्या. ती तेथें केवळ आश्रित म्हणून राहिली नाहीं. स्वतःचें कांहीं घेऊन गेली होती आणि तें तिनें मोकळेपणानें वांटलें. सासूबाईंनीं हें ऐकून मान हलविली. "बरोबर आहे. पाहुणी दोन दिवस पाहुणी असते. तिसऱ्या दिवशीं तिनें पदर खोंचावा, तर ती घरची."

शरदऋतु आला आणि आनंदीबाई फिलाडेल्फियास गेल्या. पेनसिल्व्हानियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय १८५० सालीं निघालेलें. बायकांना वैद्यक शिकविणाऱ्या जगांतील अगदीं आरंभींच्या संस्थांपैकीं तें एक. तेथील प्रमुख प्राध्यापिका रेचल बॉडली यांनीं त्यांना प्रवेश दिला आणि पुढेंही त्यांच्यावर माया ठेवली. १८८५ च्या ऑक्टोबरांत तेथें घेतलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत. आपल्या आनंदीबाई, जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषांत. एक लुगड्यांत, एक किमोनोंत, एक आपल्या देशाच्या अलंकारांत. तें चित्र मीं सासूबाईंना मोठें करून दाखविलें. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिघींच्याही आया घरीं जाग्या असतील."

परंतु हा सारा वृत्तांत गोड आहे असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. प्रेमाच्या पाहुणचारालाही हवेवर सत्ता चालवितां येत नाहीं. तिकडची कडक थंडी, अंगास न मानवणारा आहार आणि अभ्यासाचे कष्ट यांनीं आनंदीबाईंची मुळांतली नाजूक प्रकृति खंगत गेली, आणि क्षयानें त्यांना घेरलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या समारंभास गोपाळराव हजर होते, आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशीं परतल्या. पण कोल्हापुरास जाऊन एकाही बाईची नाडी पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. क्षयाचे जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालींच शोधून काढले होते. परंतु त्यावर चालणारें पहिलें परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसीन, हातीं येण्यास १९४३ साल उजाडावें लागलें. तें जेथें सांपडलें तो प्रांतही न्यू जर्सीच, मावशीचें रोझेल गांव ज्या प्रांतांत आहे तो.

त्यानंतर जें झालें तें वाचतांना माझा आवाज थांबला. गोपाळरावांनीं पत्नीची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. त्या बाईनें ती न्यू यॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली. तेथील शिळेवर आनंदीबाईंचें नांव आहे, पदवी आहे, आणि विद्येसाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. आपल्याकडे रक्षा गंगेस किंवा समुद्रास देतात. ही रक्षा एका परधर्मीय घरच्या वाडवडिलांच्या शेजारीं विसावली. दंतवैद्याच्या दारीं वाचलेल्या एका पत्रापासून निघालेली वाट येथपर्यंत आली.

त्या रात्रीं सासूबाई लवकर निजल्या. मला वाटलें, दमल्या असतील. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्या आपण होऊन बोलूं लागल्या, आणि त्यांनीं सांगितलेली गोष्ट या लेखाचें खरें कारण आहे. पण ती कळण्यासाठीं आमच्या किनाऱ्याचा थोडा इतिहास सांगणें भाग आहे.

या किनाऱ्याला दूरच्या पाहुण्यांची संवय जुनी आहे. अलिबागच्या दक्षिणेस चौल हें प्राचीन बंदर. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियांतील त्वेर नगराचा अफनासी निकीतीन नांवाचा व्यापारी होरमुझहून एक घोडा घेऊन तेथें उतरला. आपण जेथें जातों तेथें गोरा माणूस पाहण्यास लोक मागून येतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें जुन्नरास तेथील खानानें त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो म्हणून अट घातली. एका भल्या माणसाच्या मध्यस्थीनें तो सुटला. आपले सणवार केव्हां येतात याचा हिशेबही त्या एकाकी माणसास राहिला नाहीं, आणि त्याचें त्याला फार दुःख होई. बिदरास मात्र त्यानें हिंदूंना आपण कोण तें मोकळेपणानें सांगितलें. तेव्हां त्यांनींही आपलें खाणेंपिणें, व्यापार, पूजाअर्चा यांतलें कांहीं त्याच्यापासून लपविलें नाहीं. रेवदंड्यास आज त्याचें स्मारक आहे. तमाशा म्हणून पाहिला जाणारा परका आणि मोकळेपणानें घरांत घेतलेला पाहुणा यांतील अंतर त्याच्या प्रवासवर्णनांत स्पष्ट दिसतें.

दुसरे पाहुणे राहिले ते कायमचेच. बेने इस्राएल, म्हणजे आमच्या किनाऱ्याचे यहुदी. त्यांची परंपरा सांगते कीं, पूर्वजांचें गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगांवजवळ फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. या भूमीनें त्यांना थारा दिला. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा शनिवार कोणीं मोडला नाहीं. त्यांनीं मराठी आपली केली, गांवांवरून आडनांवें घेतलीं: रेवदंडेकर, नवगांवकर, किहीमकर, पेणकर. रेवदंडा आणि अलिबाग येथें त्यांचीं प्रार्थनामंदिरें एकोणिसाव्या शतकांत उभीं राहिलीं. अलिबागच्या इस्राएल आळींतील मागेन अबोथ मंदिर १८४८ सालचें. नवस फेडतांना किंवा मंगलकार्यांत एलियाहू पैगंबराच्या नांवानें त्यांच्याकडे मलिदा करतात. त्यांत भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलें खोबरें आणि सोबत फळें. प्रार्थना हिब्रूंत आणि ताटांत कोंकणांतले पोहे! १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू तिकडे गेलीं. तेथेंही त्यांनीं मराठी सोडली नाहीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक इस्राएलमध्यें निघत असे.

सासूबाईंचें माहेर रेवदंड्याचें. त्यांची गोष्ट मी त्यांच्याच शब्दांत देतें.

"आमच्या परसाला लागून एका इस्राएल बाईचें घर होतें. आई तिला वन्सं म्हणायची, ती आईला वैनी. विहीर वेगळी, पण दोरी तुटली तर दोरी एकीची दुसरी घेई. आईला बरें नसलें म्हणजे आम्हां मुलांच्या वेण्या तीच घालायची. तिच्याकडे मलिदा असला कीं ताट झांकून आमच्याकडे यायचें. आई नारळ काढून घ्यायची, केळीं घ्यायची. पोहे भिजवलेले, म्हणून ते गाईपुढें जात. आईच्या मनांत वाईट नव्हतें, बरें का! तेव्हां तसेंच होतें. तिला तें माहीत असणार. कुंपण केवढें तें! गाय तिच्या दारांतूनही दिसायची. तरी ती दर वेळीं पोह्यांसकट ताट पाठवायची. कधीं नुसता नारळ पाठवला नाहीं. मग तीं माणसें तिकडे, त्यांच्या देशाला गेलीं. निघतांना ती आईच्या गळ्यांत पडून रडली. माझ्या मनांत आलें कीं म्हणावें, आज तरी आमच्याकडे दोन घांस खाऊन जा. पण आई कांहीं बोलली नाहीं, आणि मी लहान होतें."

थोडें थांबून त्या म्हणाल्या, "त्या तुझ्या मावशीनें हिचें लुगडें मोडलें नाहीं, कुंकू मोडलें नाहीं, आणि शेवटीं हिची राखसुद्धां आपल्यांत ठेवून घेतली. आम्ही त्या बाईचा शनिवार मोडला नाहीं, एवढें खरें. पण पोहे कांहीं खाल्ले नाहींत."

मला यावर उत्तर सुचलें नाहीं आणि द्यावेंसेंही वाटलें नाहीं. आपल्या घरांतील सोंवळें-ओंवळें बहुतांशीं काळाबरोबर गेलें. त्याची चर्चा येथें नको. परंतु पाहुणचाराचीं दोन अंगें आहेत, हें त्या गोष्टीनें मला जितकें स्पष्ट झालें तितकें कोणत्याही ग्रंथानें झालें नसतें. पाहुण्याचें त्याच्यापाशीं राहूं देणें हें एक अंग. आमच्या किनाऱ्यानें तें चांगलें पाळलें, आणि त्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पाहुण्यानें प्रेमानें पुढें केलेलें आपण स्वीकारणें हें दुसरें अंग. तेथें आपण पुष्कळदां कमी पडलों. नुसतें देणाऱ्याच्या मनांत नकळत एक प्रकारचा मोठेपणा शिरतो. घेण्यासाठीं मन थोडें लववावें लागतें.

सेवेसाठीं परदेशीं जाणाऱ्या मुलांनाही हेंच लागू आहे. आपण सेवा करावयास चाललों, म्हणजे देण्यासाठीं चाललों, अशी त्यांची समजूत असते. ती अपुरी आहे. परक्या गांवच्या वृद्धाचें अंथरूण नीट करण्याआधीं त्या गांवच्या घरचें अन्न, त्यांच्या वेळा, त्यांचीं माणसें यांचा स्वीकार करतां आला पाहिजे. आमच्या पुतणीस म्हणून मीं चार गोष्टी सांगितल्या आहेत, आणि ज्यांच्या घरचीं मुलें अशीं निघालीं आहेत त्यांनाही त्या उपयोगीं पडतील.

जाण्यापूर्वीं पत्रें लिहावींत; आनंदीबाई आणि त्यांची मावशी यांचें नातें धक्क्यावर जुळलें नाहीं, तें तीन वर्षांच्या पत्रांनीं जुळलें. काय खातों आणि काय खात नाहीं हें आधींच स्पष्ट व विनयानें सांगावें; ताटावर बसून नाक मुरडण्यापेक्षां तें कितीतरी बरें. एक तरी पदार्थ असा शिकून जावें, जो स्वतः रांधून यजमानांना वाढतां येईल, आणि त्यासाठीं लागणारा मसाला पुडींत बांधून न्यावा. दुखलें-खुपलें, थंडी सोसवली नाहीं, तर संकोचानें अंगावर काढूं नये; यजमानांना सांगावें, कारण न सांगण्यानें त्यांचा मान राहत नाहीं, केवळ आपली प्रकृति जाते. आणि परत आल्यावर "आमच्याकडे असें, त्यांच्याकडे तसें" असें तराजू घेऊन बसूं नये. दोन्ही घरें आपलींच म्हणावींत.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. तो त्यांनीं स्वतःच सोडविला. माजघराशेजारची खोली, जिच्या खिडकींतून नारळीच्या वाडीपलीकडचा समुद्र ऐकूं येतो, ती त्या मुलीला द्यावयाची. पंगत एकच. देवघरांत येणें न येणें हें तिच्या इच्छेवर. आली तर तिला घंटा वाजवूं द्यावी, नाहीं आली तर कोणीं विचारूं नये. रविवारीं तिला प्रार्थनेस जावयाचें असल्यास दिरांनीं तिला पोहोंचवून यावें. आणि तिनें आपल्या देशचें जें कांहीं करून वाढलें, तें आमच्या आहारांत बसणारें असेल तर घरांत सर्वांनीं खावें. आधीं पानांत वाढून घ्यावें, मग चव विचारावी. मुलांनीं हंसून विचारलें, "आजी, तुम्हीही?" त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा मी."

कार्तिकांत आम्ही त्या कुटुंबास पहिलें पत्र धाडलें. पुतणीनें इंग्रजींत लिहिलें, सासूबाईंनीं मराठींत सांगितलें. आमच्या मुलीच्या आवडीनिवडी त्यांत थोडक्यांत होत्या. बाकीचे सारे प्रश्न त्यांच्या मुलीविषयींचे. सकाळीं ती काय घेते, तिला तिखट चालतें का, मच्छरदाणींत झोंप येते का, समुद्राच्या आवाजाची भीति वाटते का. शेवटीं सासूबाई थांबल्या आणि त्यांनीं आणखी एक ओळ घालावयास सांगितली. ती ओळ लिहितांना पुतणीनें मजकडे पाहिलें, पण कांहीं न बोलतां तशीच उतरवून घेतली.

"तिला पोहे आवडतात का, तेंही कळवावें."